वीस हरभरे, तीन वाट्या: चालू कसोटीवर पैज कशी लावावी

साहित्य फार नाही. स्टीलच्या तीन वाट्या, वीस कोरडे हरभरे, दोनशे पानी वही आणि पाच दिवस भांडूनही सहाव्या दिवशी एकमेकांशी बोलतील अशी चार-पाच माणसं. पैसे अजिबात नकोत. ते का, ते पुढं येईलच.

मी चौतीस वर्षं एका सहकारी बँकेत कॅशियर होते. निवृत्त झाल्यावर सकाळच्या फिरण्याचा शेवट नागपूरच्या प्रतापनगरमधल्या एका पोह्याच्या ठेल्यावर व्हायला लागला. तिथं माझा धाकटा भाऊ, त्याचा मुलगा, शेजारचे गणिताचे सर आणि दोन-तीन येणारे-जाणारे. क्रिकेटची कसोटी चालू असली की मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलेला आणि प्रत्येकाचा निकाल आधीच लागलेला. "आपणच जिंकून राहिलो बे." "काहून जिंकतो? गेली मॅच." ज्याचं खरं व्हायचं तो सहा महिने ऐकवायचा, ज्याचं खोटं व्हायचं तो म्हणायचा, मी असं बोललोच नव्हतो. कॅशियरला हे सहन होत नाही. बोललं ते लिहा, सही करा, म्हणून २०१६मध्ये वही आणली.

पद्धत अशी. तीन वाट्या: आपली, त्यांची, अनिर्णित. लंच, चहापान आणि दिवसाचा खेळ संपल्यावर, अशा दिवसातून तीन वेळा प्रत्येकानं वीस हरभरे तीन वाट्यांत वाटायचे. सामना आत्ता आहे इथून वीस वेळा खेळवला तर किती वेळा काय होईल, एवढंच मनाशी विचारायचं. "कोण जिंकणार" हे विचारायचंच नाही. एकानं मांडायचे, बाकीच्यांनी पाठ करून उभं राहायचं, आकडे वहीत उतरवायचे, हरभरे गोळा करून पुढच्याला द्यायचे. पाठ करणं महत्त्वाचं आहे. सरांचे आकडे दिसले की आमच्यातली अर्धी माणसं त्यांच्यासारखेच मांडतात, मग पैज कसली?

नुसते आकडे लिहून चालणार नाही का, असं नवीन माणूस हमखास विचारतो. चालत नाही. कागदावर माणूस बिनधास्त "वीस-शून्य-शून्य" लिहितो. हातात हरभरे असले की शेवटचे तीन-चार टाकताना हात वाटीवर थांबतो. त्या थांबण्यातच सगळी पैज आहे.

सुरुवातीला आमचा हिशोब साधा होता, बरोबर वाटीत ज्याचे जास्त हरभरे तो जिंकला. आठ दिवसांत घोळ कळला. सगळेच सगळे हरभरे एका वाटीत ओतायला लागले, कारण तेच फायद्याचं होतं. मग इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्यानं तोड काढली. "आत्या, चुकीचा वर्ग घ्यायचा." म्हणजे असं: भारत जिंकला. तुम्ही आपल्या वाटीत १२, त्यांच्या वाटीत ३, अनिर्णितमध्ये ५ टाकले होते. बरोबर वाटीत ८ कमी पडले, त्याचे ६४. चुकीच्या वाट्यांतले ३ चे ९ आणि ५ चे २५. दंड ९८. सगळे वीस बरोबर वाटीत असतील तर दंड शून्य. पण सगळे वीस चुकीच्या वाटीत असतील तर ४०० अधिक ४००, आठशे! या हिशोबात जे मनाला खरंच वाटतं तेच मांडणं सर्वांत स्वस्त पडतं. सरांनी ते पोह्याच्या कागदावर मला सिद्ध करून दाखवलं. मला पूर्ण समजलं नाही, पण बेरीज जुळली.

पाच दिवसांचे सगळे दंड मिळवायचे. ज्याचा सर्वांत जास्त, त्यानं सगळ्यांना एक-एक प्लेट तर्री पोहा. मधूनच येणाऱ्याला घेतो, पण जेवढ्या वेळा तो नव्हता तेवढ्या वेळचा सर्वांत मोठा दंड त्याच्या नावावर लागतो. नाहीतर चौथ्या दिवशी चहापानानंतर सगळं कळल्यावर येऊन बसणारे शहाणे नागपुरात कमी नाहीत.

आता मांडायचे कसे? माझा क्रम ठरलेला आहे: आधी वेळ, मग विकेट, धावा सगळ्यांत शेवटी. बहुतेक लोक बरोबर उलटं करतात.

वेळ म्हणजे षटकं. दिवसाची ९०, पाच दिवसांची ४५०. तिसऱ्या दिवशी खेळ संपला की उरली १८०. आता सामना संपायला अजून किती विकेट पडायच्या आहेत ते मोजा. माझा ठोकताळा दहा षटकांना एक विकेट. चेंडू वळत असेल तर सहा-सात षटकांना, खेळपट्टी मेलेली असेल तर पंधराला. समजा त्यांचा दुसरा डाव २ बाद १०० आहे, आघाडी अडीचशेची आहे आणि ते चौथ्या दिवशी चहापानाला डाव घोषित करतील असं दिसतंय. म्हणजे आपल्याला बाद करायला त्यांच्याकडे साधारण १२० षटकं राहतात, लागतात शंभर. जमेल, पण सैल नाही. इथं अनिर्णित वाटीत पाच-सहा हरभरे हवेतच. धावांकडे अजून आपण पाहिलंही नाही.

सिडनीचं उदाहरण माझ्या वहीत आहे. ११ जानेवारी २०२१, पहाटे पाचला सामना सुरू, कडाक्याची थंडी, मी शाल घेऊन ठेल्यावर. भारतापुढं ४०७ धावा. पंत मारत होता तोवर भावाच्या आपल्या वाटीत पंधरा हरभरे. पंत ९७वर गेला, मग पुजारा ७७वर गेला, आणि चहापानाला ५ बाद २८० झाल्यावर त्यानं तेच पंधरा उचलून त्यांच्या वाटीत ओतले. मी मोजलं. उरलंय एक सत्र, पस्तीस-छत्तीस षटकं. माझ्या ठोकताळ्यानं त्यात साडेतीन विकेट, त्यांना हव्यात पाच. दुसरीकडे जडेजाचा अंगठा मोडलेला, विहारीची मांडी धरलेली, म्हणजे आपल्या बाजूच्या पाच विकेट पुऱ्या पाच नाहीत. तरी अनिर्णितमध्ये १३, त्यांच्यात ६, आपल्यात १. विहारी आणि अश्विन शेवटपर्यंत उभे राहिले, भारतानं १३१ षटकं काढली, सामना अनिर्णित. माझा दंड ८६. भावाचा विचारू नका.

भाऊ ज्यात चुकला त्यातच सगळे चुकतात. जिंकण्याची आशा गेली की लोक हरभरे थेट हरण्यात टाकतात, मधली वाटी दिसतच नाही. पन्नास षटकांच्या आणि वीस षटकांच्या सामन्यांनी ही सवय लावली. मी सदरच्या जुन्या मैदानावर २००० साली झिम्बाब्वे पाहिलेली बाई आहे. भारताच्या ६०९, त्यांच्यावर फॉलोऑन, म्हणजे लगेच दुसऱ्यांदा फलंदाजी, आणि मग अँडी फ्लॉवर नाबाद २३२. रजा टाकून गेले होते, शेवटच्या दिवशी संत्री सोलत बसले. तो माणूस काही केल्या बाद होईना. त्या दिवशी मधली वाटी मला पाठ झाली, वाट्या तेव्हा नव्हत्या तरी.

पण मैदान बदललं की ठोकताळाही बदला. जामठ्याला, म्हणजे नागपूरच्याच नव्या मैदानावर, २००८पासून २०२३पर्यंत सात कसोट्या झाल्या, त्यांतली एकच अनिर्णित, २०१२ची इंग्लंडविरुद्धची. पाच भारतानं जिंकल्या. २०१५मध्ये दक्षिण आफ्रिका ७९ धावांत गारद झाली, सामना तीन दिवसांत संपला आणि आयसीसीनं खेळपट्टीला 'खराब' शेरा दिला. २०२३मध्ये ऑस्ट्रेलियाचा दुसरा डाव ९१वर, एकाच सत्रात. अशा ठिकाणी पहिल्या दिवशी लंचलाच चेंडू वळताना दिसला तर मी अनिर्णितमध्ये एकच हरभरा ठेवते, तोही अवकाळीसाठी. जामठा म्हणजे आपली जीत असंही धरून बसू नका. फेब्रुवारी २०१०मध्ये याच मैदानावर अमलानं नाबाद २५३ काढल्या, स्टेननं एका डावात सात घेतले आणि आपण डावानं हरलो.

विकेट मोजताना धावफलकावर विश्वास ठेवू नका. फलक म्हणतो चार विकेट बाकी, पण त्यातला एक दवाखान्यात असतो. दुसरं म्हणजे नवा चेंडू. ८० षटकांनंतर तो मिळतो. चहापानाला ७६ षटकं झालेली असतील आणि जोडी जमलेली दिसत असेल तर त्या जोडीच्या भरवशावर हरभरे हलवू नका, चार षटकांनी सगळं नव्यानं सुरू होणार आहे. तिसरं, कर्णधाराची अडचण. २००८ला जामठ्यालाच, चौथ्या दिवशी चहापानाला भारत ६ बाद १६६, ऑस्ट्रेलियाच्या हातात सामना येऊन राहिला होता. पण त्यांची षटकं मागं पडली होती, आणि त्याची शिक्षा तेव्हा कर्णधाराला व्हायची. पॉन्टिंगनं गती भरून काढायला वेगवान गोलंदाज बाजूला ठेवून हसी, व्हाइट असल्यांना चेंडू दिला. धोनी आणि हरभजननं १०८ जोडल्या. लक्ष्य ३८२ झालं, ते २०९वर संपले. तेव्हापासून मी षटकांच्या गतीचा आकडा धावफलकाइतकाच पाहते.

धावांचं थोडक्यात. चौथ्या डावात चारशेच्या वर लक्ष्य गाठल्याच्या घटना इतक्या कमी आहेत की नावानिशी सांगता येतात: १९४८ला लीड्स ४०४, १९७६ला पोर्ट ऑफ स्पेन ४०३, २००३ला अँटिग्वा ४१८, २००८ला पर्थ ४१४. तेव्हा चारशेपुढं पाठलाग करणाऱ्याच्या वाटीत दोन-तीनच्या वर नको. उलट छोटं लक्ष्य फसवतं. नोव्हेंबर २०२४, वानखेडे, न्यूझीलंडविरुद्ध १४७ हव्या होत्या. सगळा ठेला आपल्या वाटीत अठरा-एकोणीस टाकून मोकळा. १२१वर सगळे बाद, त्यातल्या ६४ एकट्या पंतच्या. वळणाऱ्या खेळपट्टीवर १४७ म्हणजे काय, हे ते तीन दिवस पाहूनही आम्ही विसरलो. मीसुद्धा सोळा टाकले होते, खोटं का बोलू.

फॉलोऑन मिळालेल्या संघाच्या वाटीतही एक तरी ठेवावा. १८९४ सिडनी, १९८१ हेडिंग्ले, २००१ कोलकाता, २०२३ वेलिंग्टन. हेडिंग्लेला तर इंग्लंडवर पाचशेला एक असा भाव लागला होता आणि लिली व मार्श या ऑस्ट्रेलियाच्याच दोघा खेळाडूंनी विरुद्ध संघावर पैसे लावून ते जिंकले होते. आज तसं केलं तर खेळणंच संपेल. पाचशेत एक म्हणजे वीस हरभऱ्यांत एकही बसत नाही, अर्धासुद्धा नाही. सर म्हणतात अशा वेळी शून्य टाका. मी एक टाकते, त्याचा दंड मला परवडतो.

टाय झाली तर वही मिटायची, ज्याचे त्यानं पैसे द्यायचे. कसोटीच्या इतिहासात तशा दोनच, १९६० ब्रिस्बेन आणि १९८६ मद्रास, त्यामुळे चौथी वाटी आणली नाही.

आता पैसे का नकोत ते. ऑक्टोबर २००४, सदरचं मैदान, हिरवीगार खेळपट्टी, नागपूरकरांनी कधी पाहिली नव्हती अशी. गांगुली खेळला नाही, हरभजन नाही. ऑस्ट्रेलिया ३९८, आपण १८५. भाऊ तेव्हा पस्तिशीचा, गल्लीतल्या एकाकडे लगवाडी करायचा, म्हणजे पैसे लावायचा. त्याला वाटलं, भाव इतका चढलाय, आता भारतावर लावलं तर सोनं. हरला की दुप्पट, पुन्हा दुप्पट. चौथ्या दिवशी भारत ३४२ धावांनी हरला तेव्हा त्याच्या अंगावर जे देणं निघालं त्यात त्याची स्कूटर गेली आणि वहिनीच्या दोन बांगड्या. वहिनीनं मला बँकेत फोन करून विचारलं होतं, ताई, सोन्यावर किती मिळतील हो? काउंटरवर रांग होती. मी भाव सांगितला आणि पुढचा चेक घेतला. तेव्हा का विचारत होती हे मला रात्री कळलं.

आमच्या हरभऱ्यांनी त्याला नंतर एक गोष्ट समजली, जी तेव्हा समजायला हवी होती. समजा एखादा खायवाडीवाला, म्हणजे पैजा घेणारा, भाव देतो: भारतावर शंभर लावले तर परत १७०, समोरच्यावर ४००, अनिर्णितवर ४००. हे हरभऱ्यांत मांडून पाहा. वीसला १.७नं भागा, पावणेबारा. वीसला चारनं भागा, पाच आणि पाच. बेरीज पावणेबावीस! हरभरे तर वीसच आहेत. वरचे पावणेदोन त्याचे, मग सामना कोणीही जिंको. मोबाइलवरच्या ॲपचंही तेच, शिवाय तुमच्या टीव्हीवर चेंडू पडतो तोवर खऱ्या मैदानावर तो काही सेकंद आधीच पडून गेलेला असतो आणि भाव बदललेला असतो. कायद्याचं सांगायचं तर महाराष्ट्राचा जुगार प्रतिबंधक कायदा १८८७चा आहे आणि ऑगस्ट २०२५मध्ये संसदेनं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. सरांना आमच्या पोह्याबद्दलही शंका आहे, पोह्यालाही किंमत असते म्हणतात. म्हणून ते हरले की पोहे देत नाहीत, घरून थर्मासमधून चहा आणतात. चहा बरा नसतो.

मनाचं काय करायचं? भारत खेळत असताना हात आपोआप आपल्या वाटीकडे जातो. माझा उपाय असा, मांडून झाले की आपल्या वाटीतले दोन काढायचे आणि जिथं कमी असतील तिथं टाकायचे. वहीत नऊ वर्षांचे आकडे आहेत, भाच्यानं तपासले. दोन काढलेल्या सामन्यांत माझा दंड कमी आहे. परदेशी संघांच्या आपसातल्या कसोटीत हा नियम लावायची गरज नाही, तिथं आम्ही सगळेच बरे मांडतो. ॲशेसमध्ये, म्हणजे इंग्लंड-ऑस्ट्रेलियाच्या कसोट्यांत, तर सर अजून कधी हरलेले नाहीत.

आणि एक, दंड जास्त आला म्हणजे मांडलं चुकलंच असं नाही. ४ ऑगस्ट २०२५, ओव्हल, पाचवी सकाळ, म्हणजे आपल्याकडे दुपार. ठेला तेव्हा बंद, म्हणून भावाच्या गच्चीवर जमलो होतो, खाली वहिनीच्या सांबारवड्या, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्या, तळून चालल्या होत्या. इंग्लंडला हव्या ३५ धावा, विकेट चार, त्यातला वोक्स खांदा निखळलेला. मी मोजलं. वेळ भरपूर, म्हणून अनिर्णित शून्य. विकेट चार नाहीत, साडेतीन धरा. धावा फक्त पस्तीस. इंग्लंड १३, आपण ७. भावानं वीसच्या वीस आपल्या वाटीत ओतले, वाटी भरून दोन खाली सांडले, तेही उचलून टाकले. म्हटलं, अरे एक तरी तिकडं ठेव. "ताई, सिराज बॉलिंग करून राहिला."

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. वोक्स हात झोळीत घालून आला, सिराजनं शेवटची दांडी उडवली, सहा धावांनी जिंकलो. माझा दंड ३३८, त्याचा शून्य. गच्चीवर नाचला. खाली रस्त्यावर फटाके. मी वहीत आकडा लिहिला आणि पुन्हा मोजलं. तीच परिस्थिती उद्या आली तर मी पुन्हा १३-७च मांडीन. त्याला हे सांगितलं तर म्हणाला, "म्हणून तू हरत असते." त्या कसोटीचे पोहे माझ्याकडे लागले. साडेतीनशे रुपये.

हरभरे दर दोन-तीन महिन्यांनी बदला, भुंगा लागतो. जुने ठेल्यावाले भाऊ घेत नाहीत, मी कबुतरांना टाकते.

परवा एका कसोटीत, दुसऱ्या दिवशी लंचला, भाऊ मांडत असताना आम्ही नेहमीसारखे पाठ करून उभे होतो. फार वेळ लागला. नेहमी एकदम ओतल्याचा आवाज येतो, या वेळी एक-एक पडत होता. वळले तर वाट्यांत अकरा, सहा, तीन. मी काही बोलले नाही, आकडे उतरवले, सहीसाठी वही पुढं केली. सही करून तो ठेल्याकडे वळला. "भाऊ, माझ्या प्लेटमध्ये तर्री जास्त टाका."